पोल्ट्रीतली बारव

१

सोमाजीनानाचा दिवस पोल्ट्रीच्या कुलपापासनं सुरू व्हायचा. कोंबड्या कवाच गेल्या, रोग आला आन शेड रिकामं पडलं, पन सवय काय गेली न्हाई. तांबडं फुटलं का नाना घरामागच्या बांधावरनं शेडावर यायचा, कुलूप काढायचा, जनरेटरचं डिझेल बघायचा आन दारात उभा राहून एक शिवी हासडायचा. शिवी कुना मानसाला न्हाई. आपल्याच शेडात शिरायला आपल्यालाच चपला काढाव्या लागत्यात, ह्या गोष्टीला.

कारन शेडात आता सिनेमा व्हता. पुन्याच्या श्रेया मॅडमनं शेड भाड्यानं घेतलं व्हतं. खिडक्यांला काळं कापड, भितींना गाद्या ठोकलेल्या, आत एशी. मधोमध टेबल आन टेबलात बसवलेली बारव. खरी न्हाई, थर्माकोल आन प्लास्टरची. पायऱ्या, देवळ्या, कठडा, समदं बारीक कोरून केलेलं. टेबलाच्या खाली तिचं बूड लोंबायचं, आन त्या बुडाखालनं नाना रोज झाडू फिरवायचा.

बारवंत बाहुल्या. वीतभर उंचीच्या, आत तारंचा सांगाडा, वर रबराचं कातडं. त्यांचा सिनेमा म्हंजे लई चेंगट काम. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा. परत केसभर, परत फोटो. दिवसभर राबावं तवा पडद्यावर बाई एकदा पदर सारखा करती. टेबलाला धक्का लागला का आठवड्याचं काम मातीत. म्हनून नानाला सक्त ताकीद व्हती, झाडू खाली फिरवा, वर हात लावू नका.

त्या सकाळी नानानं हात लावला. पायऱ्यांच्या मधावर सुनंची बाहुली उभी व्हती, हिरवं लुगडं नेसलेली. लुगड्याचा काठ काळा पडल्याला दिसला. नानानं बोट लावलं तर वला.

नानानं वर पत्रा बघितला. वैशाखाचं ऊन, पाऊस कुठला यायला. एशीचं पानी पायपानं भाईर जात व्हतं. बारवंचा तळ बघितला, रंग दिलेलं प्लास्टर, ठणठणीत कोरडं. बोटाचा वास घेतला. शेवाळाचा वास आला.

"कायतरी केमिकल आसंल," नाना म्हनला आन बोट बनियनला पुसलं.

२

नाटक जुनं व्हतं, 'पाटलाची बारव'. नानाच्या आज्यानं बघितलेलं, बापानं त्यात काम केलेलं. गोष्ट काय, पाटील बारव खनतो, पानी लागत न्हाई. कुनीतरी सांगतं, घरातली सून दे. पाटील सुनंच्या हातात आरती देतो आन म्हनतो, उतर पोरी, गावाला तहान लागली. सून उतरती. पानी लागतं. सून वर येत न्हाई.

पन ही पुस्तकातली गोष्ट. आंबेगाव-जुन्नरच्या जत्रांत हे नाटक निराळं व्हायचं. शेवटच्या पायरीवर सून पाय उचलायची, आन त्याच टायमाला बघनाऱ्यांत बायांच्या अंगाला समद्या बाया उभ्या राहायच्या. "माघारी फिर गं बाय, माघारी फिर." मग सून मान वळवायची, कान दिऊन ऐकायची आन वर चढायची. पडदा. बारव कोरडी ती कोरडी, आन लोकं खुशीत घरी. कुनी हे लिहिलं न्हाई, शिकवलं न्हाई. कळंबच्या बाया तेच म्हनायच्या आन बोरीच्या बी तेच.

नाना सतरा गावच्या जत्रांत पाटील झालेला. आवाज आसा का मागच्या बैलगाडीतला झोपलेला मानूस उठून बसायचा. म्हनून मॅडमनं पाटलाचा आवाज त्याचाच घेतला. गाद्या ठोकलेल्या शेडात, माइकफुडं. नानानं वाक्य टाकलं, "उतर पोरी, गावाला तहान लागली," आन सवयीनं थांबला. समोरनं कुनी उठलं न्हाई, कुनी बोललं न्हाई. गादीनं आवाज गिळला.

"परफेक्ट," मॅडम म्हनली.

"मॅडम, आन बाया?"

"कुठल्या बाया, काका?"

नानानं सांगितलं. मॅडमनं मन लावून ऐकलं, पोरगी वंगाळ नव्हती. "किती सुंदर आहे हे. पण मूळ नाटकात ती उतरते. लेखकानं लोकांना दुखवायला लिहिलंय ते. तिला परत फिरवलं की पाटील सुटतो ना, काका."

"पाटील सुटू द्या का मरू द्या. तिला कुनी उतरवत न्हाई."

"बाहुली आहे काका ती."

"मग तुमी कशाला येवढं रडवेलं तोंड केलंय तिचं?"

मॅडम हसली. नानाच्या तोंडाला कोन लागायचं, म्हनून समदेच हसायचे. जुन्नरचा झीशान तेवढा हसला न्हाई. बाहुल्या हलवायचं काम त्याचं. बापाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं बोटं बारीक आन डोळा शांत. तो टेबलावर वाकून सुनंचं पाऊल बघत राहिला.

ते पाऊल रत्नाचं व्हतं. रत्ना नानाची सून, सुभाषची बायकू. बाहुल्यांची लुगडी तीच शिवायची. सुभाष टमाट्याची गाडी घिऊन वाशीला, चार चार दिवस घरी न्हाई, म्हनून ती बी शेडात रमली. मॅडमला तिची चाल आवडली. कुकडी नदीच्या घाटावर नेऊन तिला पायऱ्या उतरायला लावलं, मोबाइलात घेतलं, आन झीशान ते बघून बघून बाहुली चालवायचा. मान कशी, टाच कशी, पदर कसा. समदी रत्ना.

३

घरात पयलं कळलं कोंडाबाईला. कोंडाबाई म्हंजे नानाची मालकीन, बोलायला नानाच्या वरचढ.

"अवो, रत्नी जिना कशी उतरती बघा जरा."

"कशी उतरती? पायानं."

"बघा म्हनते ना."

रत्ना गच्चीवरनं वाळवन घिऊन खाली येत व्हती. एक पायरी उतरली. थांबली. दुसरा पाय उचलला तो हवंतच राहिला, लई येळ. मग टेकला. परत थांबली. तोंडावर कायच नव्हतं, डोळं उघडं, पापनी हलंना. दिवसभर उभं राहून पाय भरून आल्यावर बाई आशीच उतरंल, नाना मनाशी म्हनला. पन पाय भरलेली बाई कठड्याला धरती. रत्नानं धरलं नव्हतं.

"रत्ने, बरं वाटत न्हाई का?"

"बरं हाय की मामा." ती खाली आली आन चालत सैपाकघरात गेली. मागं जिन्याच्या फरशीवर वली पावलं उमटली. कोंडाबाईनं फडकं आनलं.

"न्हाली आसंल," नाना म्हनला.

"सकाळधरनं नळाला पानी न्हाई."

नाना चिडला. त्याला कळंनासं झालं का चिडायचा. म्हनला, तुझी नजरच वंगाळ. कोंडाबाई फरशी पुसत राहिली. फडकं पिळलं तर बादलीत हिरवट पानी पडलं.

४

दुसऱ्या दिवशी नानानं झीशानला चहाला भाईर काढलं. मॅडम पुन्याला गेलेली, रत्ना आत शिवत बसलेली.

"झीशान, काय चाललंय रे?"

"काय नाही नाना. आता खालच्या पायऱ्या चालू."

"लुगडं वलं कशानं हुतंय?"

झीशाननं कप खाली ठेवला. "तुमी पण बघितलं? मी रोज पुसतो. मॅडमला वाटतं मी ग्लिसरीन सांडतो."

"दुसरं काय?"

तो उठला. "चला, दावतो. हसू नका फक्त."

त्यानं कॉम्प्युटरवर काढलेलं चालवलं. फोटोंमागनं फोटो सरकलं आन बाहुली चालायला लागली. कुकडीच्या घाटावरची रत्नाच ती. पायरी, थांबनं, पायरी. मग प्रत्येक पायरीला बाहुलीनं मान जराशी वळवली. वर न्हाई, पाटलाकडं न्हाई. एका अंगाला. जत्रंत बाया बसायच्या त्या अंगाला. श्वासभर थांबली, आन कुनीच काय म्हनलं न्हाई म्हनून परत खाली बघितलं.

"ही मान तू वळवलीस?"

"मी नाही, आसं वाटतं. हजारो फोटो, नाना. वळवली पण असंल. ध्यानात राहत नाही." झीशान आवाज बारीक करून म्हनला, "पण एक सांगतो. पाऊल उचलायला मी चिमटा लावतो ना, तेव्हा ते मला जड लागायला पायजे. वजन खाली असतं तिचं. आता लागत नाही. मी धरायच्या आधीच ती निघालेली असती. कसम से."

"मग काम बंद कर."

"मॅडमचं घर, दागिनं समदं ह्यात गेलंय. आन काय सांगू? बाहुली हलती? बाहुली हलवायचाच पगार घेतो मी."

मागं आवाज आला. रत्ना उभी व्हती, सुईत दोरा तसाच. ती पडद्याकडं बघत व्हती, आन तिची मान एका अंगाला झुकली व्हती.

५

नाना तसाच घरी गेला आन कोंडाबाईला घिऊन आला. ती भाकऱ्यांच्या पिठाच्या हातानंच आली.

"बोल," नाना म्हनला.

"हितं? ह्या गाद्यांत?"

"बोल म्हनतो ना. जत्रंत लई गळा काढायचीस."

कोंडाबाई बारवंफुडं उभी राहिली. हसू आलं तिला, मग गेलं. पदर डोक्यावर घेतला. "माघारी फिर गं बाय," ती म्हनली. "माघारी फिर."

आवाज तोंडाफुडं बी गेला न्हाई, गादीनं पिला. झीशान बघत राहिला. बाहुली व्हती तशीच. कोंडाबाईनं परत म्हनलं, जोरात. मग तिनं तोंडावर हात ठेवला आन भाईर पळाली. नाना मागं गेला तर ती बांधावर बसून हाताचं पीठ पदराला पुसत व्हती.

"काय झालं?"

"तिनं आयकलं. म्या बघितलं तिचं तोंड. आयकलं, पन मी एकटी. एकटीच्या आवाजाला कोन फिरतंय?"

"मग गाव आनतो."

"आना. काय सांगाल गावाला? बाहुलीला समजवायला चला?"

नानानं खरंच दोन घरं केली. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं इचारलं, नाना, घ्यायला लागला का परत. नानानं त्याच्याच अंगणात त्याला शिव्या घातल्या आन माघारी आला.

सांजच्याला मॅडमची गाडी आली. नाना गाडीचं दार उघडायच्या आधी फुडं उभा.

"शेवटची पायरी काढायची न्हाई."

"काका, उद्या तोच शॉट आहे. उद्या संपतोय सिनेमा."

"शेड माझं हाय."

"करार आहे आपला. काका, तुम्हाला काय झालंय नक्की? रत्नाताईला विचारू या, ती रोज इथं असते."

रत्ना दारात उभी व्हती. तिच्या पायाखाली उंबऱ्यावर डबकं साठलं व्हतं, आन मॅडमला ते दिसत नव्हतं का दिसून कळत नव्हतं, देव जाने. रत्ना हसली. पयल्यासारखीच गोड हसली.

"राहिलंच किती मामा," ती म्हनली. "एकच पायरी."

नानाला तवा समजलं. बाहुलीचा पाय शेवटच्या पायरीवरनं सुटला का रत्ना बी सुटनार. कुठं, कशी, ते त्याला म्हाईत नव्हतं. म्हाईत करून घ्यायची इच्छा बी नव्हती.

६

सकाळी नानानं कुलूप काढलं, आत शिरला आन आतनं कडी लावली. चपला काढल्या न्हाईत.

दिवे लावले. सून शेवटच्या पायरीवर, एक पाय उचललेला. वर कठड्यापाशी पाटील, मिशा पिळलेला, हात फुडं केलेला.

"तुझ्या आयला," नाना पाटलाला म्हनला, "तू लई आरामात हायेस."

त्यानं पाटलाला कठड्यावरनं उचकटलं. पायातल्या टाचन्या कशा रोवायच्या, फोटोचं बटन कुठलं दाबायचं, हे त्यानं झाडू मारता मारता रोज बघितलं व्हतं. त्याची बोटं जाड, बाहुलीचा फेटा चुरगाळला, एक हात वाकडा झाला. त्यानं पाटील वरच्या पायरीवर ठेवला. बटन दाबलं. केसभर सरकवला. दाबलं.

भाईर दार वाजलं. "काका? काका, दार उघडा." मग झीशानचा आवाज, मग मॅडमचा परत. पाटील एक पायरी खाली.

जसजसा पाटील उतरला तसतशी शेडातली हवा बदलली. एशी बंद व्हता, तरी गारवा पायापासनं वर चढत व्हता. नानाच्या चपलांखाली कोबा लागत नव्हता, घडीव दगडासारखं कायतरी लागत व्हतं, बुळबुळीत. त्यानं खाली बघितलं न्हाई. घाबरलेला मानूस खाली बघतो, तो मनाशी म्हनला, मी कामात हाय.

"ज्याची बारव त्यानं उतरायचं," तो मोठ्यानं म्हनला. "दुसऱ्याची लेक आनायची आन ती ढकलायची? आन म्हनं जुनं नाटक. जुनं आसंल तर बदलायला झालंय."

पाटील सुनंच्या पायरीला आला. तिच्या आन तळाच्या मधी जागा नव्हती. नानानं पाटील तिच्या अंगाला घासून फुडं घातला आन त्याची पाठ तिच्या उचललेल्या पावलाला टेकवली. बटन दाबायला वळला. परत फिरला तर पाटील त्यानं ठेवला त्याच्या खाली उभा व्हता. जरासाच. केसभर.

आसू दे. नानानं दाबलं.

मग त्याला वाकावं लागलं, टाचनी दिसंना म्हनून. आन वाकल्यावर त्यानं बारवंत बघितलं. तळ नव्हता. टेबलाखालनं झाडू फिरतो तितं, कोब्याच्या किती तरी खाली, काळं व्हतं, आन त्या काळ्यात लांबवर लाल ठिपके. बारीक, कुंकवायेवढे. एक न्हाई, लई. समदे वर तोंड करून व्हते.

नानाचा हात थांबला. मग त्याला राग आला, जत्रंत पेट्रोमॅक्स विझवनाऱ्यावर यायचा तसा.

"बायांनो, तुमाला कुनी माघारी बोलवलं न्हाई, ते वाईट झालं," तो म्हनला. "पन ही तुमच्यात येनार न्हाई. पाटील मागायचा व्हता तुमी. घ्या हा."

त्यानं पाटलाचा पाय शेवटच्या पायरीवरनं सोडला. बटन दाबलं. खालनं कुनीतरी पाटील त्याच्या बोटातनं काढून घेतला, हिसकून न्हाई, बायका ताटातलं घेत्यात तसा, हळू.

नानानं मान वर केली. सुनंची बाहुली पायरीवर नव्हती. ती वरती कठड्यापाशी पाठ करून उभी व्हती, आन मधल्या पायऱ्यांवर टिकलीयेवढी वली पावलं वर गेलेली.

७

कडी काढली तर भाईर भर दुपार झालेली. नानाला वाटलेलं तासभर गेला आसंल. मॅडम रडून थकलेली, झीशान दाराला पाठ लावून बसलेला. रत्ना ओट्यावर गोधडी पांघरून, त्या उन्हात, दात वाजत व्हते तिचे.

"मामा, दार कशाला लावलं? सकाळधरनं हाका मारतोय आमी." आन मग गोधडी बाजूला टाकून, "भूक लागलीय मला. कुनी काय खाल्लंय का न्हाई?" ती उठली आन बांधावरनं झपाझप घरी गेली, पदर खोचत, एकदा बी न थांबता.

मॅडम आत पळाली. कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. नानानं दारातनं तिचं तोंड बघितलं, आधी राग, मग कायच न्हाई, मग ती खुर्चीवर बसली.

"झीशान," ती म्हनली, "पाटील कुठंय?"

"नाही मॅडम. टेबलाखाली पण नाही."

"काका, हे कसं केलंत तुम्ही? हा शेवट..." ती थांबली. "ह्या शेवटाला पाटलाचा आवाज लागेल. काहीतरी म्हणायला हवं त्यानं उतरताना."

"पाटील उतरला. पाटील आता गप बसंल," नाना म्हनला आन घराकडं चालू लागला.

अंगणात आला, चपला काढल्या आन त्याच्या पायाला पायरी लागली.

अंगण सपाट. आजच सारवलेलं. नानानं पाय मागं घेतला, परत फुडं टाकला. पायरी. तिच्या खाली दुसरी, ती बी पायानं चाचपली. गार, घडीव. पाय आपूनच फुडं जायला बघत व्हता, तहानलेलं जनावर वढ काढतं तशी वढ पिंढरीला.

नाना हसला. लई दिवसांनी हसला. वळचणीचं गोणपाट घेतलं, त्या पायरीवर अंथरलं आन वर मांडी घालून बसला. भार टाकून. चंची काढली, पान घडवलं.

"बसलोय," तो म्हनला. "पाटील ऐकनारा मानूस व्हता. मी न्हाई."

सांज झाली तरी नाना उठला न्हाई. कोंडाबाईनं दारातनं दोनदा बघितलं. म्हातारा अंगणाच्या मधी बसलाय, आन बसल्याला जरा खालीच दिसतोय.

"अवो, ताट केलंय. आत या."

"ताट हितंच आन."

"लहान पोर हायसा का?"

"आन म्हनतो ना. रत्नीला पाठवू नको, तू आन." तिनं ताट उचललं तवा तो परत म्हनला, आवाज बारीक करून, मानूस निजल्याल्या घरात बोलतो तसा. "आन ह्या अंगानं ये, भितीला धरून. त्या अंगाला पाय टाकू नको. तिकडं लई खोल हाय."